आधी कान, मग पडदा

काही महिन्यांपूर्वी नागपुरातील एका महाविद्यालयात ‘तंत्रज्ञान आणि मानव्यविद्या’ या विषयावर चर्चासत्र होते. एका वक्त्याने रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांसाठी तयार होत असलेल्या इलेक्ट्रॉनिक ट्रायज प्रणालींची माहिती दिली आणि शेवटी म्हटले, ‘‘यंत्राला ओळखपाळख नसते, वशिला नसतो, जात नसते. ते फक्त आजाराचे गांभीर्य पाहते.’’ सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मराठीचे एक ज्येष्ठ प्राध्यापक उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, ‘‘यंत्राला करुणाही नसते.’’ सभागृहाने पुन्हा टाळ्या वाजवल्या. पहिल्यापेक्षा जरा जास्तच. दोन्ही वेळा मीही टाळ्या वाजवल्या, हे कबूल केले पाहिजे. घरी परतताना मात्र त्या दोन्ही टाळ्यांची लाज वाटू लागली. पहिली टाळी भाबडी होती आणि दुसरी आळशी. या लेखात दोन्हींशी भांडायचे आहे, आणि दुसरीशी अधिक. कारण ती आपल्या गोटातली आहे.

ज्यांना हा शब्द अपरिचित असेल त्यांच्यासाठी थोडे विषयाविषयी. तातडीच्या विभागात एकाच वेळी अनेक रुग्ण येतात. डॉक्टर, खाटा आणि यंत्रे थोडी असतात. अशा वेळी कोणाला आधी पाहायचे आणि कोणाला थांबवायचे, हे ठरवण्याच्या क्रियेला ट्रायज म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा मूळ अर्थ निवडणे, वेगळे काढणे असा आहे. लोकर किंवा कॉफीच्या बिया प्रतीनुसार वेगळ्या काढण्यासाठी तो वापरला जाई. आपल्याकडे तांदूळ निवडतात, तसाच हा निवडण्याचा व्यवहार. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक डॉमिनिक-जाँ लारे याने जखमी सैनिकांच्या बाबतीत तत्त्व मांडले की, ज्याची जखम सर्वांत घातक त्याला आधी उपचार. हुद्दा, मानमरातब पाहायचा नाही. सरदार आणि शिपाई यांची रांग एकच, आणि तिचा क्रम जखम ठरवणार. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, तेही सैन्यात, हा विचार बंडखोरच म्हटला पाहिजे.

पुढे या तत्त्वाच्या पद्धती झाल्या. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १९९४ पासून विकसित झालेल्या पद्धतीत पाच रंग आहेत. लाल म्हणजे तत्काळ. नारिंगी म्हणजे १० मिनिटांच्या आत. पिवळा ६० मिनिटे. हिरवा १२० मिनिटे. निळा २४० मिनिटे. दिल्लीच्या एम्स संस्थेने २०२० मध्ये भारतीय परिस्थितीसाठी लाल, पिवळा आणि हिरवा अशा तीन रंगांची पद्धत प्रसिद्ध केली. या पद्धती कागदावरही राबवता येतात. इलेक्ट्रॉनिक ट्रायजमध्ये हेच काम संगणकाच्या मदतीने होते. नाडी, रक्तदाब, श्वासाचा वेग, ताप, रक्तातील प्राणवायू आणि शुद्धीची पातळी यांचे आकडे भरायचे. रुग्णाची मुख्य तक्रार पडद्यावरील यादीतून निवडायची. मग प्रणाली रंग सुचवते. काही नव्या प्रणाली हजारो जुन्या रुग्णांच्या नोंदींवरून पुढचा धोका वर्तवतात. वाचकांनी यातील एक तपशील लक्षात ठेवावा. आकडे मोजले जातात, आणि तक्रार निवडली जाते. माझा सगळा वाद या ‘निवडली जाते’ विषयी आहे.

पण त्या वादाकडे वळण्याआधी आपल्या गोटाचा हिशेब. ‘यंत्राला करुणा नसते’ असे म्हणताना आपण गृहीत धरतो की, यंत्र येण्यापूर्वी आपल्या रुग्णालयांच्या दारात करुणा उभी होती. ती कोठे उभी होती, हे एकदा सांगावे. आपल्याकडे ट्रायज नेहमीच होते. फक्त त्याला ते नाव नव्हते. खासगी रुग्णालयात ते पैसे भरण्याच्या खिडकीवर होत आले. सरकारी रुग्णालयात ते नगरसेवकाच्या फोनवर, ओळखीच्या कर्मचाऱ्यावर आणि सोबत आलेल्या जमावाच्या आवाजावर होत आले. ज्याच्यासोबत पंधरा माणसे त्याला आधी पाहिले जाते, आणि जो गडचिरोलीहून एकट्या बायकोसोबत येतो तो ओट्यावर बसून राहतो, हे नागपुरात राहणाऱ्या कोणालाही मी सांगण्याची गरज नाही. २०२५ मध्ये पुण्यातील एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने एका गर्भवती स्त्रीच्या कुटुंबाकडे दहा लाख रुपयांची अनामत मागितल्याचे आणि पुढे तिचा मृत्यू झाल्याचे प्रकरण साऱ्या महाराष्ट्राने वाचले. त्या प्रकरणातले दोष ठरवण्याचे काम चौकशांचे आणि न्यायालयाचे आहे. परंतु ते वाचताना आपल्यापैकी किती जणांना आश्चर्य वाटले? राग आला, आश्चर्य वाटले नाही. कारण पहिली रांग पैशांची असते, हे आपल्याला आधीच ठाऊक होते.

न्यायालयांनी या बाबतीत बोलायचे काही शिल्लक ठेवलेले नाही. परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जखमी माणसाचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि पोलिसांचे सोपस्कार त्याच्या आड येऊ नयेत. १९९६ च्या पश्चिम बंग खेतमजूर समिती प्रकरणाची हकीगत तर प्रत्येक शिक्षकाने वर्गात सांगावी अशी आहे. एक शेतमजूर १९९२ मध्ये रेल्वेतून पडला. डोक्याला गंभीर मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवले. कोठे खाट नव्हती, कोठे सोय नव्हती. अखेर त्याला खासगी रुग्णालयात स्वतःच्या खर्चाने उपचार घ्यावे लागले. न्यायालयाने हे घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाचे, म्हणजे जगण्याच्या हक्काचे, उल्लंघन ठरवले. शिवाय शासनाला सांगितले की, तातडीच्या रुग्णाला जेथे खाट रिकामी असेल तेथे लगेच पाठवता यावे म्हणून एक मध्यवर्ती संपर्कव्यवस्था असावी. पाव शतकाहून अधिक काळापूर्वी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने जी गोष्ट मागितली, ती तत्त्वतः इलेक्ट्रॉनिक व्यवस्थाच होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एका खाटेसाठी नागपूरभर वणवण करणाऱ्या कुटुंबांना त्या निकालाची आठवण करून देण्यात काही अर्थ नव्हता. परंतु यंत्राला नाके मुरडणाऱ्या साहित्यिकांना ती करून दिलीच पाहिजे.

माणसाची नजर चुकत नाही, असाही दावा करता येत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील २१ रुग्णालयांमधल्या त्रेपन्न लाखांच्या आसपास भेटींचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे प्रशिक्षित परिचारिकांनी दिलेला क्रम सुमारे ३२ टक्के वेळा चुकलेला आढळला. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, यांतील बहुतेक चुका रुग्णाला गरजेपेक्षा वरचा क्रम देण्याच्या होत्या. खालचा क्रम मिळालेले सुमारे ३ टक्के होते. तरी त्रेपन्न लाखांचे ३ टक्के म्हणजे दीड लाखाहून अधिक माणसे होतात. तेव्हा परिचारिकेच्या हाती एखादे साधन देऊन ही संख्या कमी होणार असेल, तर त्याला केवळ ‘यांत्रिक’ म्हणून विरोध करणे हा सौंदर्यवाद झाला, आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी जिवाने चुकती होते. एवढे दुसऱ्या टाळीविषयी.

आता पहिली टाळी. ‘यंत्राला जात नसते.’ हे वाक्य ऐकायला सुखद आहे. पण यंत्र ज्या नोंदी वाचून शिकते, त्या कोणत्या जगातल्या असतात? २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेत कोट्यवधी रुग्णांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या प्रणालीची त्यात तपासणी होती. कोणाला अधिक काळजीची गरज आहे, हे ती ठरवत असे. आणि गरजेचे माप म्हणून त्या माणसावर आजवर झालेला उपचारखर्च धरत असे. कृष्णवर्णीय रुग्णांवर मुळातच कमी खर्च होत आलेला. परिणामी तितकाच आजारी, किंबहुना अधिक आजारी असूनही कृष्णवर्णीय माणूस यंत्राच्या लेखी बरा ठरे. ही विषमता दूर केली तर विशेष काळजीच्या कार्यक्रमातील कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते, असे संशोधकांनी दाखवले. ते यंत्र वर्ण विचारतच नव्हते. त्याला फक्त हिशेब येत होता, आणि अन्याय त्या हिशेबातच मुरलेला होता. हेच तर्कशास्त्र मेळघाटात आणून पाहा. ज्या कोरकू बाईवर जन्मात कधी दवाखान्याचा खर्च झाला नाही, ती त्या हिशेबाने विदर्भातील सर्वांत निरोगी व्यक्ती ठरेल.

आकडेही निष्पाप नसतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर करोनाकाळात आपल्या घराघरांत आला. २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधून दाखवले गेले की, रक्तातील प्राणवायू प्रत्यक्षात घातक पातळीपर्यंत उतरलेला असताना हे उपकरण तो ठीक दाखवते, अशी चूक गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे तिप्पट वेळा होते. त्वचेचा रंग प्रकाशाच्या मोजमापात आडवा येतो. आता ज्या प्रणालीला हा आकडा पुरवला जाणार, ती उन्हातान्हात राबणाऱ्या, सावळ्या-काळ्या वर्णाच्या विदर्भातील माणसाला रंग देणार आहे. आणखी एक उदाहरण. रक्तातील जंतुसंसर्ग आधी ओळखण्यासाठी अमेरिकेतील शेकडो रुग्णालयांत बसवलेल्या एका प्रणालीची मिशिगन विद्यापीठाने स्वतंत्र तपासणी केली. २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष आले. प्रणालीने ६७ टक्के रुग्ण ओळखलेच नव्हते. आणि तरीही दाखल झालेल्या सर्व रुग्णांपैकी १८ टक्क्यांच्या बाबतीत धोक्याच्या सूचना दिल्या होत्या. ही प्रणाली ट्रायजची नव्हती, पण धडा तोच आहे. विकणाऱ्याचा दावा आणि रुग्णालयातले वास्तव यांच्यामध्ये कोणीतरी त्रयस्थाने उभे राहावे लागते. आपल्याकडे तो त्रयस्थ कोण आहे?

येथपर्यंतची टीका जगात कोठेही करता येते. पुढची मात्र आपली आहे, आणि ती करण्याचा अधिकार आणि जबाबदारी भाषेच्या माणसांची आहे.

माझी मोठी मावशी भंडारा जिल्ह्यातली. वय सत्तरीच्या पुढे. नागपूरला आमच्याकडे आली असताना एका सकाळी म्हणाली, ‘‘मले कसंतरीच होऊन राहिलं बाप्पा. जीव घाबरून राहिला.’’ आम्ही तिला घेऊन शहरातल्या एका खासगी रुग्णालयात गेलो. तातडीच्या विभागाच्या दारातच एक तरुण हातात टॅबलेट घेऊन उभा होता. नम्र होता, नीटनेटका होता. त्याने विचारले, ‘‘आजी, काय त्रास होतोय? छातीत दुखतंय का?’’ मावशी म्हणाली, ‘‘दुखत नाही रे बाबा. कसंतरीच होऊन राहिलं.’’ त्याने यादी वरखाली केली. ‘कसंतरीच’ या नावाची ओळ तीत नव्हती. ‘जीव घाबरणे’ ही ओळही नव्हती. त्याने ‘अशक्तपणा’ निवडले. नाडी, रक्तदाब मोजले. ते फारसे वाईट नव्हते. हिरवा रंग आला, आणि आम्हाला बाकावर बसवण्यात आले. पाऊण तास झाला असेल. एक वयस्क परिचारिका शेजारून जात होती. ती मावशीकडे पाहून थांबली. तिने मावशीच्या कपाळाला हात लावला आणि विचारले, ‘‘घाम कधीपासून येऊन राहिला, बाई?’’ मावशी म्हणाली, ‘‘पहाटेपासून.’’ पुढच्या दहा मिनिटांत हृदयाचा आलेख काढला गेला. हृदयविकाराचा झटका होता. मावशी वाचली, अजून आहे. पण ती प्रणालीमुळे वाचली नाही आणि प्रणालीमुळे मरणारही नव्हती. एका शब्दाचा अर्थ एका बाईला कळला आणि एका मुलाला कळला नाही, एवढाच फरक.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला यादी दिली होती. कान दिला नव्हता. आणि हा एकट्या मावशीचा प्रश्न नाही. अमेरिकेतील ११ लाखांहून अधिक हृदयविकाराच्या रुग्णांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात छातीत न दुखता आलेल्यांचे प्रमाण पुरुषांत सुमारे ३१ टक्के होते, तर स्त्रियांत ४२ टक्के. म्हणजे जिचे हृदय बंद पडण्याच्या वाटेवर आहे, अशी प्रत्येक पाच स्त्रियांतील दोघी ‘छातीत दुखते का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणतील. त्या काय म्हणतील? आपल्या भागात त्या म्हणतील, जीव घाबरा झाला, हातपाय गळून गेले, पाठीत भरून आले, डोळ्यांपुढे अंधारी आली, कसंतरीच होते. मराठीने दुखण्यासाठी किती शब्द घडवले आहेत ते आठवा: कळ, ठणका, चमक, उसण, सल, शूळ, जळजळ, ठसठस, मुरडा, कणकण. यांतला प्रत्येक शब्द एक निदान सुचवतो आणि दुसरे दूर सारतो. उसण भरते ती स्नायूची. ठसठस होते ती गळवाची. मुरडा येतो तो आतड्याचा. पडद्यावरच्या यादीत या साऱ्यांचे मिळून एकच होते: ‘वेदना’. आणि पुढे शून्य ते दहा आकडे.

साहित्याचे विद्यार्थी ज्याला संहिता म्हणतात, ती रुग्णालयाच्या दारात रोज शेकड्यांनी निर्माण होते. रुग्णाचे पहिले वाक्य ही एक संहिता असते. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयोच्या दारात ती वऱ्हाडीत येते, झाडीबोलीत येते, गोंडीत येते. छिंदवाडा-बालाघाटकडून हिंदीच्या अनेक रूपांत येते. तिचा पहिला अनुवाद रांगेतील सर्वांत घाईत असलेली व्यक्ती करते, आणि तो इंग्रजी यादीतल्या एका ओळीत करते. त्यानंतर मूळ संहिता फेकून दिली जाते. उरतो तो फक्त अनुवाद. तोच संगणकात जातो, त्यावरच रंग ठरतो, आणि उद्या त्याच नोंदींवरून नवे यंत्र शिकणार असते. मूळ कविता जाळून टाकून भाषांतराची चिकित्सा करा, असे आम्हाला कोणी सांगितले तर आम्ही विद्यापीठ डोक्यावर घेऊ. येथे रोज तेच होते, आणि डाव्यावर कविता नसते, माणूस असतो.

शब्दांवाचून ज्याचे काहीच चालत नाही, असा एक आजार विदर्भात घरोघरी आहे. सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात आदिवासी आणि दलित समाजांत त्याचे प्रमाण मोठे आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. या आजारात वेदनेचा झटका येतो, तेव्हा माणूस अक्षरशः तडफडतो; आणि तरीही नाडी, रक्तदाब, ताप यांचे आकडे पुष्कळदा सर्वसाधारण असू शकतात. ती वेदना दाखवणारी कोणतीही चाचणी नाही. तो सांगतो म्हणून ती आहे. अमेरिकेतील २०१४ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की, अशा रुग्णाला ट्रायजनंतर ३० मिनिटांच्या आत किंवा नोंदणीनंतर ६० मिनिटांच्या आत वेदनाशामक मिळाले पाहिजे. कारण तेथेही अनुभव असा की, ‘आकडे बरे आहेत’ म्हणून या मुलांना ताटकळत ठेवले जाते, नशेसाठी औषध मागतात असा संशय घेतला जातो. आकड्यांवर विसंबणारी प्रणाली आपल्याकडे आली आणि तिला सिकलसेल शिकवला गेला नाही, तर या मुलांच्या वाट्याला हिरवा रंग येईल. ज्यांचे म्हणणे पिढ्यान्पिढ्या कोणी खरे मानले नाही, त्यांचे म्हणणे खरे न मानण्याचे काम आता यंत्राकडे जाईल, आणि त्याला ‘निःपक्षपाती’ म्हटले जाईल. ‘यंत्राला जात नसते’ या वाक्याला माझे हे उत्तर आहे.

कोणी म्हणेल, एवढे सगळे सुधारले तर? सुधारावेच. पण त्यानंतरही एक प्रश्न उरतो. रंग मिळाला, पुढे काय? २०२३ मध्ये ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ अर्भके होती. मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. मनुष्यबळाची आणि औषधांची टंचाई, तसेच खासगी रुग्णालयांतून शेवटच्या क्षणी पाठवलेले रुग्ण, अशी कारणे त्या वेळी पुढे आली. अशा जागी कोणी मोठ्या पडद्यावर लाल, पिवळे, हिरवे ठिपके लावले असते, तर काय झाले असते? कोणत्या बाळाला आधी पाहायला हवे होते, याची सुबक नोंद मिळाली असती. रंगातून खाट निघत नाही, परिचारिका निघत नाही. निवडलेले तांदूळ शिजवायला चूल लागते. आणि पडदाही कायम उजळलेला राहील याची हमी कोण देतो? २०२२ च्या जुलैमध्ये राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची संगणकप्रणाली कंत्राटाच्या वादात बंद पडली आणि नागपूरच्या मेडिकल-मेयोसह सर्वत्र पुन्हा हाताने केसपेपर लिहिणे सुरू झाले. जुन्या नोंदी शोधताना काय हाल झाले, हे ज्यांनी भोगले त्यांना विचारावे. ज्या शासनाला साध्या नोंदणीची प्रणाली अखंड चालवता आली नाही, त्याने जीवनमरणाचा क्रम ठरवणारी प्रणाली विकत घेण्यापूर्वी निदान थोडे संकोचून घ्यावे.

तेव्हा माझे म्हणणे काय आहे? प्रणाली नको, असे ते नाही. प्रणाली यावी, पण काही अटींवर. पहिली अट अशी की, रुग्णाचे पहिले वाक्य त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत नोंदवले जावे आणि ते पुसता येऊ नये. यादीतील ओळ त्याच्याखाली येऊ द्यावी, त्याच्याऐवजी नव्हे. दुसरी, परिचारिकेला रंग वर नेण्याचा निर्विवाद अधिकार असावा आणि तो वापरल्याबद्दल तिला जाब विचारला जाऊ नये. यंत्राने रुग्णाला वर ढकलावे. खाली ढकलायचे असेल तर माणसाची सही लागावी. तिसरी, बाकावर बसलेल्याला ठरावीक वेळाने पुन्हा पाहिले जावे, आणि त्याला मिळालेला रंग, त्याचा अर्थ व थांबण्याची मुदत मराठीत आणि त्याला कळेल अशा बोलीत सांगितली जावी. ज्याचा क्रम ठरतो त्यालाच तो ठाऊक नसावा, ही आजची रीत लाजिरवाणी आहे. चौथी, खरेदीपूर्वी प्रणालीची परीक्षा येथील रुग्णांवर व्हावी. स्त्रिया, आदिवासी, सिकलसेलचे रुग्ण, गावाकडून आलेले वृद्ध यांचे निकाल वेगळे काढून जाहीर केले जावेत. या चारही अटींना नव्या शोधाची गरज नाही. इच्छा आणि थोडा पैसा लागेल.

पाचवी अट आपल्यासाठी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आम्ही पेढे वाटले, व्याख्याने दिली, मीही दोन ठिकाणी दिली. त्या व्याख्यानांत शिलालेख होते, गाथासप्तशती होती, लीळाचरित्र होते. मात्र दवाखान्याच्या दारात मराठी माणूस जे बोलतो, त्याची यादीही आमच्यापैकी कोणी केलेली नाही. भाषा संचालनालयाने अनेक शास्त्रांचे परिभाषा कोश केले. ते तज्ज्ञांच्या शब्दांचे आहेत. रुग्णाच्या शब्दांचा कोश कोठे आहे? डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकाने झाडीबोलीचे शब्द गोळा करण्यात आयुष्य घातले, तेव्हा विद्यापीठीय मंडळींनी त्या कामाला हौस समजून बाजूला ठेवले. आज संगणकाला शिकवायला तेच शब्द हवे आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात आणि त्याच्या महाविद्यालयांत दरवर्षी मराठीचे कितीतरी विद्यार्थी एम.ए. होतात. त्यांच्यापैकी दहा जणांना रुग्णालयाची परवानगी घेऊन, रुग्णाचे नावगाव न लिहिता, एक वर्षभर केवळ पहिली वाक्ये टिपून घ्यायला सांगितले, आणि त्या वाक्यांसमोर पुढे झालेले निदान डॉक्टरांकडून लिहून घेतले, तर जो कोश तयार होईल त्याचे मोल त्याच त्या कवींवरच्या आणखी दहा प्रबंधांहून मला अधिक वाटते. हे वाचून काही सहकारी रागावतील. रागवावे. पण रागावून झाल्यावर ‘कसंतरीच होणे’ या वाक्प्रचाराचा वैद्यकीय अर्थ मला सांगावा. मी तो शोधला. कोणत्याही कोशात नीट मिळाला नाही.

यंत्राला करुणा नसते, असे म्हणून आपण खाली बसतो तेव्हा करुणा हे आपले काम आहे, एवढे तरी आपण मान्य केलेले असते. मग ते काम करावे. ऐकणे, शब्दाचा नेमका अर्थ लावणे, अनुवादात काय सुटले ते दाखवून देणे, हीच आपली विद्या आहे. तिच्यासाठी आपल्याला पगार मिळतो. ही विद्या आपण तातडीच्या विभागाच्या दारापर्यंत नेली नाही, तर तेथे जी यादी येईल ती दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या माणसांसाठी तयार झालेली असेल, आणि मग आपण तिच्यावर चर्चासत्र भरवू.

मावशीचा त्या दिवशीचा कागद मी जपून ठेवला आहे. हृदयविकाराचे निदान, दिलेली औषधे, वेळा, सगळे त्यावर व्यवस्थित छापलेले आहे. ‘मुख्य तक्रार’ या रकान्यात मात्र आजही एकच शब्द आहे: अशक्तपणा. तिने तसे म्हटलेच नव्हते.